विरुद्धार्थी शब्दांचे पत्ते: आधी खाचा कापा, मग खेळा

नात दुसरीत आहे. तिच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'विरुद्धार्थी शब्दांचा घरी सराव घ्यावा.' मुलगा-सून सकाळच्या लोकलने जातात ते रात्रीच उगवतात, म्हणजे सराव माझ्या गळ्यात. गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून २४० रुपयांचा खोका आणला. ४० जोड्या, ८० तुकडे. पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल केलेत, अक्षर ठसठशीत आहे. चष्मा न लावता मलासुद्धा वाचता आलं, त्याचे पूर्ण गुण.

पहिल्याच दिवशी नातीने पाव तासात चाळीसच्या चाळीस जोड्या लावल्या. मी खूश. शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं. काकूंनी सहज विचारलं, "सांग बरं बाळा, उथळच्या उलट काय?" नात गप्प. मग म्हणाली, "काकू, तो तिरक्या खाचेवाला कुठाय?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. प्रत्येक जोडीची खाच वेगळी आहे, कोड्यासारखी. पोर शब्द वाचतच नव्हती, खाचा जुळवत होती. बनवणाऱ्यांना वाटलं असेल, चूक झाली तर मुलाला आपोआप कळेल. कळतं, पण शब्द न वाचता! त्याच रात्री कात्री घेऊन सगळ्या खाचा सरळ कापल्या. दुसऱ्या दिवशी चाळीसपैकी बावीस जोड्या बरोबर आल्या. खरा सराव तिथून सुरू झाला.

मग मीही नीट बघायला लागलो. राजा-राणी, गाय-बैल अशा चार जोड्या घुसडल्या आहेत. हे लिंग बदलणं झालं, उलट कुठे झालं? त्या बाजूला काढल्या. 'अंधार'च्या जागी 'आंधार' छापलंय, तो काना पेनाने खोडला. पण सगळ्यात घोळ 'लांब' या पत्त्यावर. चित्र दोरीचं आणि जोडीला 'जवळ'. नात म्हणाली, "आबा, दोरी जवळ कशी असेल?" बरोबर आहे तिचं. घर लांब असलं तर उलट जवळ, दोरी लांब असली तर उलट आखूड. शब्द एकटा घेतला की त्याची जोडी ठरतच नाही, तो कशाबद्दल बोललाय ते बघावं लागतं. जाड माणसाच्या उलट बारीक, जाड वहीच्या उलट पातळ. पिशवी हलकी असली तर जड, रंग हलका असला तर गडद. खोक्यात मात्र प्रत्येक शब्दाला एकच जोडीदार, जणू लग्नच लावून दिलंय.

मी टीएमटीत, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बससेवेत, कंडक्टर होतो. टीएमटी १९८९ साली सुरू झाली, मी दोन वर्षांनी लागलो आणि तीस वर्षं तिकिटं फाडली. मागून चढा, पुढून उतरा, असं ओरडण्यात जन्म गेला. म्हणून आता नातीला घेऊन बसनेच स्टेशनला जातो. बस रिकामी, बस भरलेली. दार उघडं, दार बंद. एका बाईंनी पाचशेची नोट काढली, कंडक्टर वैतागला, "सुटे द्या हो!" नातीने लगेच विचारलं, "सुट्याच्या उलट काय?" मी म्हटलं, बंदे. हा शब्द खोक्यात नाही, आणि हल्ली मोबाइलवरून पैसे देणाऱ्या तिच्या आईबापाच्या तोंडीही नाही.

तलावपाळीवर भेळ खाताना तिने मला अडकवलं. तिखटच्या उलट काय? गोड म्हणावं तर गोडाच्या उलट कडू. घरी येऊन तिच्या आजीला विचारलं. आजीने भाजी ढवळता ढवळता सांगितलं, "सपक. आणि खारटाच्या उलट अळणी." स्वयंपाकघरात बसवलं तर या खोक्याच्या दुप्पट शब्द निघतील. गरम आणि थंड यांच्या मध्ये कोमट असतं, हेही तिला आंघोळीच्या बादलीत हात घालूनच कळलं.

'अ', 'ना', 'बे', 'गैर' लावून होणारे शब्द खोक्यात नाहीत. दुसरीच्या मुलांना एवढ्यात नको, हे ठीकच. मी मात्र हौसेने आवड-नावड, हजर-गैरहजर सांगून बसलो. तेव्हापासून माझा बिनसाखरेचा चहा घरात 'नागोड' झालाय.

पाचपैकी तीन तारे. पुठ्ठ्याला आणि अक्षराला दोन, तिसरा 'खोल-उथळ'च्या चित्राला. विहीर आणि ताटली, बघताक्षणी कळतं. चौथीच्या मुलासाठी घेऊ नका, एका दिवसात कंटाळेल. पहिली-दुसरीला चालेल, पण कात्री हाताशी ठेवा.

चुका दाखवायला दुकानात गेलो होतो. मालकाने 'आंधार' वाचून कपाळाला हात लावला, बनवणाऱ्यांना कळवतो म्हणाला. पैसे परत मिळतील का विचारलं, तर पत्ते उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "आजोबा, कापलेला माल कसा घेऊ?"