फोर्ड ५.४ ट्रायटनचे अडकलेले स्पार्क प्लग आणि ते तुटले तर काढायचं लाइल ६५६०० टूल : वापरून मग लिहितोय

ज्यांच्याकडे २००४ ते २००८ ची फोर्ड एफ-१५० आहे आणि इंजिन ५.४ लिटरचं, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्हवालं ट्रायटन आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, आणि जे सेकंडहँड घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी तर नक्कीच वाचा. मी ह्यूस्टनला असतो, ट्रक वापरलेलाच घेतला होता, घर शिफ्ट करायचं असो नाहीतर मंडळाच्या गणपतीचं मखर आणि स्टेजचं सामान न्यायचं असो, सगळं यातच जातं, त्यामुळे ट्रकवर जीव आहे.

फ्रीवेला लागताना पाय दाबला की गाडी मिसिंग मारायला लागली, स्कॅनर लावला तर पी०३०४, म्हणजे चार नंबरचा सिलिंडर. या इंजिनात पॅसेंजरच्या बाजूला पुढून मागे १ ते ४ आणि ड्रायव्हरच्या बाजूला ५ ते ८, म्हणजे हा चार नंबर अगदी मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून, हात जायची मारामार. प्लग ओरिजिनल होते आणि १ लाख मैलांचं अंतर कधीच उलटून गेलं होतं. एका गॅरेजला विचारलं तर म्हणाले आठही बदलून देतो पण मधे तुटला तर प्रत्येक तुटलेल्या प्लगचे वेगळे पैसे. मला यात त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही, कारण हे काम कुठे जाऊन अडकेल ते कोणीच आधी सांगू शकत नाही.

आता प्लग का अडकतो ते समजून घ्या म्हणजे टूल कशासाठी आहे ते कळेल. नेहमीच्या प्लगला आटे संपले की लगेच टोक येतं. याला आट्यांच्या खाली एक लांब बारीक नळी आहे, ती थेट कंबशन चेंबरपर्यंत जाते, आणि हा प्लग दोन तुकडे दाबून जोडलेला आहे. नळी आणि हेडच्या (सिलिंडरवरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) मधे जी फट असते तिच्यात वर्षानुवर्षं कार्बन भरत जातो आणि नळी हेडला अशी धरून बसते की वरचा षटकोन फिरवला की वरचा भाग हातात येतो आणि नळी खाली तशीच राहते. हे इतक्या गाड्यांना झालं की फोर्डने स्वतः मेकॅनिक लोकांसाठी टेक्निकल बुलेटिन काढलं, २००८ चं ०८-७-६, आणि मी काम त्याच्याच क्रमाने केलं.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना हात लावू नका. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल असते, तिचे ७ एमएमचे बोल्ट काढा, कॉइल हळू फिरवत वर घ्या नाहीतर रबराचा बूट खाली राहतो. मग प्लग बसतो त्या खोल भोकात, म्हणजे विहिरीत, हवा मारून माती, वाळू सगळं बाहेर काढा. प्लग फक्त पाव फेऱ्याच्या आत सैल करायचा, त्याहून जास्त नाही, आणि वरून एक छोटा चमचाभर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचं द्रावण) सोडून थांबायचं. बुलेटिनमधे निदान १५ मिनिटं म्हटलंय, मी तर रात्रभर ठेवलं आणि माझं मत आहे की तसंच ठेवावं. नंतर थोडं घट्ट थोडं सैल, पुढे मागे, पुढे मागे. प्लग किंचाळतो, अक्षरशः किंचाळतो, लोखंडावर नख ओढल्यासारखा बारीक आवाज गॅरेजभर होतो आणि पोटात गोळा येतो, पण आवाज येतोय म्हणजे नळी फिरतेय, ते चांगलं लक्षण आहे. इम्पॅक्ट गन अजिबात लावू नका. बहुतेक प्लग असेच सुटले, नळीवर काळ्या कार्बनचा जाड थर, नखाने खरवडला तरी निघेना.

चार नंबर मात्र तुटला. एकदम हात हलका झाला, आवाज बंद, वर आला तो अर्धाच. इथे लाइल ६५६०० कामाला आलं, आणि हा रिव्ह्यू खरंतर त्याचाच आहे. लाइल ही आयोवातल्या क्लॅरिंडा गावची कंपनी, हे टूल खास याच तीन व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी बनवलंय. खाली राहिलेल्या नळीत चिनीमातीचा तुकडा असतो, तो आधी पुशरने नळीतच खाली दाबायचा, म्हणजे वर आटे पाडायला जागा होते. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, घाई करू नका, कारण चिनीमातीचा चुरा सिलिंडरमधे गेला तर मोठं काम निघतं. दाबून झालं की बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने सगळा चुरा ओढून घ्या. मग रिमूव्हर आत फिरवायचा, तो नळीच्या आतल्या भिंतीत स्वतःचे आटे पाडत जातो, आणि शेवटी वरचा नट पान्याने फिरवला की नळी सरळ वर ओढली जाते, ठोकाठोकी नाही, हेडला धक्का नाही. नट फिरवताना आधी घट्ट लागतं, मग कट्ट असा आवाज आला की समजायचं कार्बनने सोडलं. बाहेर आलेली नळी मी टेबलावर ठेवून बराच वेळ बघत होतो, जीव भांड्यात पडला.

टूलचा स्टील चांगला आहे, आटे बोथट झाले नाहीत, सूचनांचा कागद स्पष्ट आहे. एक कमी सांगायची तर मागच्या सिलिंडरला जागा इतकी कमी की पान्याला लावायचं एक्स्टेन्शन आणि स्विव्हल (वळणारा सांधा) घरात नसेल तर अडाल, ते याच्यात येत नाही, आणि चांगला टॉर्च पण लागतो. एकदाच वापरायचं तरी घ्यावं का? माझं उत्तर हो, आणि प्लगला हात लावायच्या आधीच आणून ठेवा, इंजिन उघडं पडलेलं असताना दुकानं शोधत फिरण्यात काही अर्थ नाही.

नवीन प्लग मी चॅम्पियनचे घेतले, त्यांची बॉडी एकाच तुकड्यातून घडवलेली आहे म्हणून नळी सुटून यायचा प्रश्नच नाही. बसवताना निकेलवालं अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरू नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त खालच्या नळीला पातळ लावा, टोकाला नाही आणि आट्यांना पण नाही, मग टॉर्क रेंचने २५ पाउंड-फूट. कॉइलच्या बुटात थोडं डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. गाडी आता मऊ चालते, कोड परत आलेला नाही.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी अजून एक, २००७ च्या शेवटाकडे फोर्डने हेड बदललं आणि नंतरच्या इंजिनांना साधे प्लग आले, म्हणून २००८ मॉडेल बघत असाल तर मॉडेलच्या वर्षावर जाऊ नका, इंजिन कधी बनलं ते तपासा. त्याआधीचं असेल तर मालकाला विचारा प्लग बदललेत का, बिल दाखवा म्हणावं, आणि बदललेले नसतील तर या कामाचे पैसे किमतीतून सरळ कमी करून मागा.