कुळागरासाठी (नारळ-सुपारीच्या बागेसाठी) घेतलेली जुनी क्वाड बाईक, आठ महिने वापरून लिहितोय (जास्त करून गिअरबद्दल)

गेल्या दिवाळीनंतर ११० सीसीची सेकंडहँड क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची हँडलवाली गाडी, घेतली. आमचं कुळागर गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे, घरापासून खाली ओहोळापर्यंत चांगलाच उतार आहे आणि नारळ-सुपारीची पोती वर आणायला आता माणूस मिळत नाही, बाबा स्वतः उचलायला जातात आणि मला ते बघवत नाही. म्हणून ही गाडी. पेडण्याच्या बाजूला एकजण पर्यटकांना राईड द्यायचा धंदा बंद करत होता त्याच्याकडून घेतली. आरटीओ पासिंग नाही त्यामुळे पिकअपमध्ये घालून आणली आणि ती आमच्या जागेतच चालते, रस्त्यावर काढत नाही. किनाऱ्यावर गाडी घालायला तर गोव्यात बंदीच आहे, तेव्हा त्यासाठी कोणी घेत असेल तर विचारच सोडा.

इंजिन दणकट आहे, मागच्या कॅरियरवर दोन पोती घालून चढ चढते. पाचपैकी साडेतीन देईन, दीड गुण गिअरने खाल्ला.

तीन गिअर पुढचे, एक रिव्हर्स, हाताचा क्लच नाही, पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. पहिल्याच आठवड्यात त्रास सुरू. थंड असताना सगळं ठीक, पंधरा-वीस मिनिटं चालली की न्यूट्रल सापडेना, पहिला टाकला की खाडकन आवाज आणि गाडी पुढे उडी मारायची, आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतंय पण गाडी रडतखडत. म्हापशातल्या एका गॅरेजवाल्याला दाखवली तर त्याने न खोलता, न चालवून बघता सांगितलं गिअरबॉक्स गेला, अठरा हजार होतील. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

मग आमच्या वाड्यावरचे एक काका, आयुष्यभर टू-व्हीलरच दुरुस्त केल्यात, ते आले. गाडीला हातही न लावता म्हणाले, "पयलीं तेल पळय" (आधी तेल बघ). तेल काढलं तर काळंकुट्ट, आणि विकणाऱ्याला फोन केल्यावर कळलं की त्याने कारचं उरलेलं तेल घातलं होतं! या इंजिनात क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, आणि कारच्या बऱ्याच तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, म्हणजे क्लचच्या प्लेटी एकमेकींना धरतच नाहीत. डब्यावर जासो एमए (JASO MA, तेलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं बाईकचं तेल घ्या, एवढ्या इंजिनाला साधारण ८०० ते ९०० मिली लागतं, आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या. तेल बदलल्यावर दोन दिवसांत चढावरची स्लिप बरीच गेली.

खाडकन आवाजाचं कारण वेगळंच निघालं. आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन फिरतं तो वेग, फार वर ठेवलेला होता, बहुतेक गाडी सारखी बंद पडू नये म्हणून. यात सेंट्रिफ्युगल क्लच असतो, इंजिन जोरात फिरलं की तो आपणहून धरतो, म्हणजे उभ्या गाडीतही क्लच अर्धवट धरलेला आणि त्यात तुम्ही गिअर टाकताय, मग आवाज येणारच. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आयडल खाली आणला आणि गाडी उडी मारायची थांबली. फुकट काम.

न्यूट्रलसाठी क्लच ॲडजस्ट केला. उजव्या बाजूच्या कव्हरवर लॉकनट आणि त्याच्या मधोमध स्क्रू असतो. लॉकनट सैल करायचा, स्क्रू घड्याळाच्या दिशेने एक फेरा, मग उलटा फिरवत न्यायचा, हाताला अडल्यासारखं लागलं की थांबायचं, आणि परत घड्याळाच्या दिशेने अष्टमांश ते पाव फेरा. स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा, नाहीतर आवळताना स्क्रूही फिरतो आणि सगळं मुसळ केरात. हे माझ्या प्रकारच्या इंजिनाचं आहे, दुसऱ्या कंपनीत दिशा उलटी असू शकते.

रिव्हर्स मात्र किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने खाल्लेला. माझ्या गाडीत रिव्हर्सचा लिव्हर वेगळा आहे, केबलवर चालतो, ती केबल आतून गंजून जाम झालेली, लिव्हर ओढला तरी आत काही हलत नव्हतं. नवीन केबल चारशेला मिळाली. पायाच्या गिअर लिव्हरचे आतले दातेही झिजलेले, बोल्ट आवळला तरी शाफ्टवर घसरायचा, तो बदलला. किनाऱ्यावर वापरलेली गाडी घेत असाल तर केबली आणि नटबोल्ट आधी बघा, रंग नंतर.

एवढं सगळं झाल्यावर एक दुखणं उरलं आणि ते खरोखर आतलं आहे. चढावर जोर दिला की दुसरा गिअर सुटतो. काकांचं म्हणणं, भाड्याने घेणारी माणसं ॲक्सिलरेटर न सोडता गिअर दाबतात, त्याने गिअरचे आतले दात, डॉग म्हणतात त्यांना, कडेने गोल होतात आणि मग जोर आला की एकमेकांतून निसटतात. काहीजण पाय गिअरवर ठेवूनच चालवतात, त्याने क्लच सतत अर्धा सुटलेला राहतो आणि प्लेटी जळतात. मला घेताना हे कळायला हवं होतं. मी सपाट जागेत दोन चकरा मारून पैसे दिले. तुम्ही गाडी आधी चांगली तापू द्या, मग दुसऱ्या गिअरमध्ये चढावर जोर द्या आणि लगेच ॲक्सिलरेटर सोडून बघा. दोन्ही वेळी गिअर टिकला तरच किमतीचं बोला.

या इंजिनात गिअरबॉक्स क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या मुख्य पेटीच्या, आतच असतो, म्हणजे एका गिअरसाठी इंजिन उतरवून दोन भाग करावे लागणार. ऐन पावसात ते उघडं टाकून ठेवायची माझी हिंमत नाही. सध्या लाल चिखलात बाबांना पहिल्यातच चालवायला सांगितलंय, सावकाश वर येते पण पोती येतात. चतुर्थी झाली की काका आणि मी इंजिन खोलणार, काय निघालं ते इथेच लिहीन.