सिझेरियननंतर नॉर्मलचा प्रयत्न: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकते, माझं दुसरं बाळंतपणही शेवटी सिझेरियननेच झालं. तरी प्रयत्न केला याला मी पाचातले साडेतीन देते. कापलेला दीड मागच्या ऑपरेशनच्या एका कागदापायी. व्हीबॅक म्हणजे सिझेरियननंतरचं नॉर्मल बाळंतपण, हे हा अनुभव वाचायला येणाऱ्यांना पाठ असतं, त्यामुळे ते सोडून त्या कागदाबद्दलच बोलते.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, सांगलीला. बाळ पायाळू, म्हणून कळा सुरू व्हायच्या आधीच सिझेरियन केलं. (सिझेरियनने आलेल्याला पायाळू धरायचं का, यावर आमच्याकडे वाद आहे. पण उसण भरली की आजेसासूबाई त्यालाच पाठीवर पाय मारायला बोलावतात, म्हणजे निकाल लागलेला आहे.)

दुसऱ्या वेळी पुण्यात नाव घातलं. डॉक्टर म्हणाल्या, मागचं कारण पुन्हा येईलच असं नाही, मध्ये चार वर्षं गेलीत, प्रयत्नाला हरकत नाही. आकडेही सांगितले. एका सिझेरियननंतर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ७२ ते ७५ जणींचं नॉर्मल होतं. कळा आपोआप आल्या तर जुना व्रण उसवून गर्भपिशवी फाटण्याचा धोका दोनशेत एक. तारीख ठरवून सिझेरियन केलं तर तो जवळजवळ नाहीच, पण प्रत्येक सिझेरियनगणिक पुढच्या खेपेला वार व्रणात रुतून बसायची शक्यता वाढत जाते. माझ्या मावसबहिणीने तारीख ठरवूनच केलं आणि ती मजेत आहे. मला मात्र आणखी एक बाळ हवं की नाही हे ठरलेलं नव्हतं, म्हणून मी प्रयत्नाच्या बाजूने. मग डॉक्टर म्हणाल्या, "मागच्या ऑपरेशनची नोट आणा."

मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्यावर 'एलएससीएस' एवढी चार अक्षरं आणि खाली गोळ्यांची यादी. म्हटलं, पोटावर आडवा व्रण आहे की, बघा. तर म्हणे कातडीवरचा छेद आडवा म्हणून आत पिशवीवरचाही आडवाच असेल, असं नाही! चार वर्षं तो व्रण अंगावर वागवतेय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असेल तर प्रयत्न करता येतो, वरच्या भागात उभा गेला असेल तर नाही. एलएससीएस म्हणजे खालचा भाग हे खरं, पण पायाळू बाळाचं डोकं अडकलं म्हणून छेद वर वाढवावा लागला का, हे त्या चार अक्षरांत नसतं.

सांगलीला फोन केला. "मॅडम, जुन्या फायली नसतात." दुसऱ्यांदा, "सर आल्यावर करा." तिसऱ्यांदा मी वाचून तयार होते. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात, असं रुबाबात ऐकवलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे त्याच नियमांतलं दुसरं कलम सांगितलं: कागद तीनच वर्षं जपायचे. मी गप्प. आपण दहावीची गुणपत्रिका आणि फ्रिजचं वॉरंटी कार्ड सांभाळतो, आणि पोट उघडलं त्याचा कागद आपल्याकडे नाही.

शेवटी कामाला आला बाबांचा चिकटपणा. एलआयसीच्या कागदांच्या पिशवीत त्यांनी बाळंतपणाचं बिल जपलं होतं, त्यावर तारीख आणि ॲडमिशन नंबर. स्कूटरवरून तीन खेपा घातल्या. तिसऱ्या वेळी एका जुन्या सिस्टरने ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर काढून दाखवलं. बाबांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत नेमक्या आमच्या ओळीवर त्यांचाच अंगठा. परत आत जाऊन दुसरा काढला: खालच्या भागात आडवा छेद, वाढवलेला नाही, दोन थरांत शिवण. एका ओळीसाठी सहा आठवडे.

पुढचं थोडक्यात. कळा आणायचं किंवा वाढवायचं सलाइन शक्यतो लावायचं नाही असं ठरलं होतं, कारण त्याने व्रण उसवायचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. कळा आपोआपच आल्या, ३९ आठवडे पाच दिवसांवर. अकरा तास गेले. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा पोटाला सतत बांधलेला. कुशीवर वळलं की तो सरकायचा, मशीन ओरडायचं, सिस्टर येऊन पुन्हा आवळायची. पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडल्यावर गाडी अडली, ठोके उतरले आणि मला आत नेलं. बिलात भूलतज्ज्ञ स्टँडबायचे पाच हजार आणि शिवाय सिझेरियनचं अख्खं पॅकेज. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. काउंटरवर मी बरीच हुज्जत घातली.

इथपर्यंतचं तिसऱ्या महिन्यात लिहिलं होतं, तेव्हा दोनच गुण दिले होते. सिझेरियनची घाई केली असा राग होता. खासगी दवाखान्यांत निम्म्याच्या आसपास सिझेरियनच होतात (२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४७.४ टक्के), त्यामुळे मावशीने "पैशासाठी कापतात गं" म्हटलं ते पटकन पटलं.

पाचव्या महिन्यात लसीकरणाचं कार्ड शोधताना या वेळची ऑपरेशन नोट हाताला लागली. पहिल्यांदाच नीट वाचली. जुन्या व्रणाची जागा इतकी पातळ झाली होती की आतलं पाणी दिसत होतं, असं त्यात लिहिलंय. मी पलंगावर बसूनच राहिले. व्रण उसवू लागला तर बहुतेक वेळा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांतच दिसते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी पट्ट्याला शिव्या घालण्यात विसरले होते. पट्ट्यावरचा राग गेला. पाच हजारांवरचाही बराचसा गेला. दोनाचे साडेतीन झाले ते त्या दिवशी.

ही नोट काही आपोआप मिळालेली नाही. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, "समरी दिलीय ना, मॅडम." बाळ मांडीवर घेऊन मी तिथल्या खुर्चीत पाऊण तास बसले आणि प्रत हातात पडल्यावरच सही केली. एक प्रत आमच्या कपाटात आहे, एक बाबांच्या एलआयसीच्या पिशवीत. दुसऱ्या प्रतीच्या झेरॉक्सचे चार रुपये मीच दिले, आणि त्याची पावती का घेतली नाहीस म्हणून बाबा अजून विचारतात.