स्लो कुकरमधील राजमा आणि डुकराचे मांस

जड सिरॅमिक पात्राचा हा स्लो कुकर, म्हणजे कमी तापमानावर तासन्‌तास अन्न शिजवणारे विजेचे भांडे, मी मुख्यतः राजमा आणि डुकराच्या खांद्याचे मांस एकत्र शिजवण्यासाठी वापरतो, आणि थकून घरी आल्यावर तयार मिळणाऱ्या त्या वाफाळत्या जेवणासाठी तो मला मनापासून आवडला आहे. मंद आचेवर ८ तास राहिल्यावर मांसातील कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे मऊ, रश्श्यात विरघळणारे जिलेटिन होते, त्यामुळे रस्सा आपोआप दाट होतो आणि मांस चमच्यानेही सुटते. मात्र सोबतच्या माहितीपुस्तिकेत एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी होती : कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन असते आणि मंद आचेच्या तापमानाला ते पुरेसे नष्ट होत नाही, म्हणून रात्रभर भिजवलेला राजमा पाणी बदलून, वेगळ्या पातेल्यात किमान १० मिनिटे खळखळ उकळल्याशिवाय कुकरमध्ये मुळीच घालू नये. टोमॅटो मी शेवटच्या तासात घालतो, कारण आंबटपणामुळे दाणे मऊ व्हायला वेळ लागतो. झाकण काचेचे आहे, हे फार बरे झाले, कारण ते वारंवार उघडले की साठलेली उष्णता निघून जाते. पात्र धुताना मात्र दोन्ही हात लागतात.