‘सोडून गेला’ इंग्रजीत लिहिताना: वॉक आउट ऑन, लीव्ह बिहाइंड की गिव्ह अप ऑन?

मराठीत गाव सोडतात, नोकरी सोडतात, बायकोला सोडतात आणि आशाही सोडतात. इंग्रजीत या एका ‘सोडणे’चे तुकडे होतात, आणि सगळ्यात जास्त घोळ ‘वॉक आउट’पाशी होतो.

नागपुरात हा शब्द हिवाळी अधिवेशनामुळे ओळखीचा: विरोधकांचा सभात्याग. पण तो ‘वॉक आउट ऑफ’. ‘दे वॉक्ड आउट ऑफ द हाउस’ म्हणजे निषेध नोंदवून सभागृहाबाहेर पडले. पुढच्या चर्चेला परत येऊन बसतीलही. ‘ऑफ’पुढे जागा येते.

‘ऑन’पुढे माणूस किंवा जबाबदारी येते, आणि जाणाऱ्यावर ठपकाही बसतो. ‘ही वॉक्ड आउट ऑन हिज वाइफ’ म्हणजे त्याने बायकोला टाकलं. म्हणून बदली झाली, नवरा पुण्याला गेला आणि बायको-मुलं नागपुरातच राहिली, एवढंच सांगायचं असेल तर हे अजिबात लिहू नका; न केलेला गुन्हा त्याच्या माथी बसेल. तिथे ‘लीव्ह बिहाइंड’ घ्या. त्यात दोष असेलच असं नाही. बर्डीच्या दुकानात छत्री विसरली तरी ‘आय लेफ्ट इट बिहाइंड’च म्हणतात.

व्यवहारात फरक आणखी बारीक आहे. संत्र्याच्या बागेचा भाव पटला नाही म्हणून व्यापारी उठून गेला, तर ‘वॉक्ड अवे फ्रॉम द डील’. यात गैर काही नाही. विसार देऊन, सौदा पक्का करून आंबियाच्या (संत्र्याच्या एका बहराच्या) तोडणीला फिरकलाच नाही, तर ‘वॉक्ड आउट ऑन द डील’.

‘गिव्ह अप ऑन’मध्ये कुणी कुठे जातच नाही, फक्त आशा सुटते. मुलगा सुधारणार नाही असं मानून बापाने त्याचा नाद सोडला, पण दोघं एकाच घरात राहतात: ‘ही गेव्ह अप ऑन हिम’. यातला ‘ऑन’ गाळून ‘गेव्ह हिम अप’ लिहिलं, तर बापाने मुलाला पोलिसांच्या हवाली केलं, असाही अर्थ निघतो.

सर्वनामाची जागाही सांभाळा. ‘लीव्ह हर बिहाइंड’ बरोबर, ‘लीव्ह बिहाइंड हर’ चूक. ‘वॉक आउट ऑन हर’ मात्र तोडायचं नाही, कारण ‘वॉक हर आउट’ म्हणजे तिला दारापर्यंत सोबत करणे. आणि घाईत ‘रन आउट ऑफ’ लिहू नका. टाकून पळण्याला ‘रन आउट ऑन’ लागतं, ‘ऑफ’ लावलं की पेट्रोल संपतं.