एसी २२ वर, की २६ वर आणि पंखे?

मुंबई-ठाण्याकडच्या वीस-पंचवीस माणसांच्या ऑफिससाठी हा प्रश्न आहे.

विजेचा हिशोब लवकर आटपतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ठोकताळ्याने एसी एक अंश चढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. २२ चा २६ केला तर जवळजवळ चौथा हिस्सा. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, ३० वॅटच्या आसपास खातो, म्हणजे सहा पंखे मिळून १८०. साधा पंखा ७५ वॅटचा. तो घेतलात तर बचतीला थोडी कात्री.

माझं पारडं पंख्यांकडे झुकवलं ते मात्र बिलाने नाही, रिमोटने. एसीचा तापमान मोजणारा सेन्सर युनिट हवा आत ओढतं तिथे, छताजवळ. दुपारी चारला पश्चिमेच्या काचेशी बसलेला माणूस हैराण होतो तो काचेच्या धगीने. तो रिमोट घेऊन २० करतो. काच तापलेलीच राहते. ब्लोअरखालच्या बाई आधी शाल पांघरतात, मग ब्लोअरच्या तोंडाला पुठ्ठा चिकटवतात. पुठ्ठ्यावर आपटलेली गार हवा उलटून थेट सेन्सरकडे जाते, एसीला वाटतं खोली गार झाली, कॉम्प्रेसर मंदावतो. काचेजवळचा आणखी उकडतो. नुसत्या एसीत यावर खरा उपाय मला तरी दिसलेला नाही. चार टेबलांमागे एक पंखा आणि त्याचा वेगळा रेग्युलेटर असला की भांडण तिथल्या तिथे मिटतं. काचेला ब्लाइंड लागतीलच, ते काम पंख्याचं नव्हे.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाची एसडीई-४ इमारत २०१९ पासून याच धर्तीवर चालते: थोडी कमी गार हवा आणि छताला पंखे.

पंख्यांचीही कटकट आहेच. पात्याखाली आठ फूट आणि वर फूटभर जागा हवी. फॉल्स सीलिंग साडेआठ फुटांवर असेल तर नाद सोडा, एसी २४ वर ठेवा. एलईडी पॅनल पात्यांच्या वर आला की टेबलावर उजेड लुकलुकतो आणि तासाभरात डोकं धरतं, म्हणून दिवे दोन पंख्यांच्या मधे घ्या. जुलैत २६ वर इन्व्हर्टर एसी इतका हळू चालतो की हवेतला दमटपणा नीट निघत नाही, कागद मऊ पडतात. सकाळी तासभर ड्राय मोड आणि दिवसभर ब्लोअर कमी वेगावर ठेवला की बरंच निभतं. तरी त्या महिन्यात २२ वाल्यांची बाजू थोडी वरचढ, हे मान्य.

पंखे ठरले तर स्लॅबमधले हूक फॉल्स सीलिंग चढण्याआधीच बसवून घ्या. नंतर प्रत्येक हुकामागे सीलिंगचा एक तुकडा उतरवावा लागतो.