ट्रोम्सोतली ध्रुवीय सागरी भूविज्ञानाची पीएचडी : पूर्ण झाल्यावर लिहिलेला अभिप्राय

मागच्या महिन्यात उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोला माझा डिस्पुटास झाला. नॉर्वेत पीएचडीच्या जाहीर परीक्षेला हा शब्द आहे. प्रबंधावर प्रश्न सुरू होण्याआधी समितीने दहा दिवस अगोदर दिलेल्या विषयावर पाऊण तास व्याख्यान द्यावं लागतं. ते पार पडलं आणि तेव्हापासून एमएस्सीच्या मुलामुलींचे मेसेज येतायत : "ताई, अर्ज करू का?" एकेकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहिते. मी वेंगुर्ल्याची. एमएस्सी गोवा विद्यापीठातून केली. विषय आर्क्टिक समुद्राच्या तळाचा गाळ.

अर्ज जरूर करा. मात्र जाहिरात वाचताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते मला फार उशिरा कळलं, आणि त्यात माझे चौदा महिने गेले.

ट्रोम्सोच्या आधी मी दुसऱ्या एका देशातल्या संस्थेत रुजू झाले होते. नाव लिहीत नाही. जाहिरातीवर बर्फ फोडत निघालेल्या जहाजाचा फोटो होता, दोन मोहिमांचं आश्वासन होतं, आणि मी त्या फोटोवरच भाळले. पहिली मोहीम पुढे ढकलली गेली. दुसरीत आमच्या गटाला जागा मिळाली नाही. गाळ नाही म्हणजे नमुने नाहीत, नमुने नाहीत म्हणजे आकडे नाहीत. मी रोज ऑफिसला जाऊन इतरांच्या कोअरवर (समुद्रतळातून पाइपने काढलेला गाळाचा लांब दंडगोल) लिहिलेले पेपर वाचत बसायचे. गाइड मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्याही हातात काही नव्हतं. शेवटी राजीनामा दिला. घरी फोन केला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "चिकल बघूक इतक्या लांब गेलंस, आणि चिकलच नाय?" त्या रात्री मी खूप रडले.

म्हणून ट्रोम्सोच्या मुलाखतीत मी दुसरं काही विचारायच्या आधी विचारलं, की माझ्या प्रकल्पाचा गाळ आणलेला आहे का? समोरचे प्राध्यापक लॅपटॉप उचलून चालत निघाले. दोन दारं उघडली आणि कॅमेऱ्यासमोर शीतगृहातली एक फळी आली. मीटर-मीटरचे तुकडे, लांबीत दोन भाग केलेले, प्लास्टिकच्या नळकांड्यांत आडवे ठेवलेले. झाकणावर मार्करने स्टेशनचा नंबर आणि वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं. "हा तुमचा," असं म्हणून त्यांनी एका झाकणावर बोट ठेवलं. मी तिथल्या तिथे ठरवलं.

आता व्यवहाराचं. नॉर्वेत पीएचडी ही नोकरी असते. जागा जॉबनॉर्गे या संकेतस्थळावर निघते. तुम्ही कर्मचारी म्हणून रुजू होता, पगार मिळतो, त्यातून कर आणि पेन्शन कापली जाते, आजारपणाची रजा मिळते. हल्लीच्या जाहिरातींत सुरुवातीचा पगार वर्षाला पाच लाख क्रोनरच्या पुढे असतो. मुदत तीन वर्षांची, किंवा पाव हिस्सा शिकवण्याचं काम धरून चार वर्षांची. मी चार वर्षांची घेतली आणि तुम्हालाही तीच घ्या म्हणेन. बीएस्सीच्या मुलांना प्रॅक्टिकलमध्ये गाळाचं वर्णन करायला शिकवताना माझं स्वतःचं ज्ञान पक्कं झालं. गेट किंवा नेटचा गुण कुणी विचारत नाही. मास्टर्सचा प्रबंध मात्र नीट वाचतात. माझ्या मुलाखतीचा अर्धा वेळ त्यातल्या एकाच आलेखावर गेला.

पैशांचं सांगायचं तर घरभाडं आणि बाहेरचं खाणं महाग आहे. डबा नेला की भागतं. तांदूळ, डाळ, मसाले गावात मिळतात. आमसुलं आणि तिरफळं मात्र घरून आणा. मासे उत्तम, आणि कॉडची आमटी आईच्या पद्धतीने करता येते.

काम कसं असतं ते जरा सावकाश सांगते, कारण जाहिरातीत ते कळत नाही. कोअरमधून दर सेंटिमीटरला गाळाची एक चकती कापायची. ती गोठवून वाळवायची, वजन करायचं आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायची. राखाडी पाणी सिंकमध्ये जातं आणि चाळणीवर चिमूटभर वाळू उरते. ती वाळू काळ्या ट्रेमध्ये पसरून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायची आणि ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक फोराम, म्हणजे एकपेशीय सागरी जिवाचं कवच, उचलायचा. माझा मुख्य फोराम निओग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा. खसखशीच्या दाण्याहून लहान, चार फुगीर कप्पे एकमेकांना घट्ट चिकटलेले, डावीकडे वळणारा, पृष्ठभाग साखरेच्या खड्यासारखा खडबडीत. त्याचं प्रमाण वाढलं की वरचं पाणी थंड, ध्रुवीय. त्याच्याच कवचावर ऑक्सिजनची समस्थानिकं मोजतात आणि त्याच्याच कार्बनवरून वय काढतात. त्या एवढ्याशा जिवावर माझी चार वर्षं उभी आहेत.

फोरामच्या शेजारी खडे असतात. खोल समुद्रात, किनाऱ्यापासून इतक्या दूर भरड खडा यायचा तर तो बर्फानेच वाहून आणलेला असणार. हिमनग वितळला की पोटातला खडा खाली पडतो. माझ्या कोअरमध्ये काही पातळ्यांवर असे खडे अचानक दाट होतात, आणि त्यांत कोळशाचे काळे चुरेही सापडतात. कोळशाचे थर नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर आहेत, म्हणजे तो बर्फ तिकडून आला असावा. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी स्वालबार्डच्या आग्नेयेकडच्या बॅरेंट्स समुद्रावर बर्फाची प्रचंड चादर होती, आणि तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली टेकलेला होता. ती कोसळून नाहीशी झाली. पश्चिम अंटार्क्टिकाची चादर आज तशीच, समुद्रसपाटीखालच्या तळावर उभी आहे. एक चादर कशी मोडली हे खड्या-खड्याने मोजून ठेवायचं म्हणजे दुसरीबद्दल काही बोलता येईल. मी वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ वाढले, समुद्र वाढणं म्हणजे काय ते मला पुस्तकात वाचावं लागत नाही.

मोहीमही मिळाली, तिसऱ्या वर्षी. क्रोनप्रिन्स होकोन हे शंभर मीटर लांबीचं बर्फ फोडणारं जहाज २०१८ मध्ये दाखल झालं. स्वालबार्डच्या उत्तरेला बारा-बारा तासांच्या पाळीत काम. ग्रॅव्हिटी कोअरर म्हणजे डोक्यावर वजन असलेला लांब लोखंडी पाइप. तारेने खाली सोडतात आणि तो स्वतःच्या वजनाने तळात घुसतो. वर येतो तेव्हा बाहेरून चिखलाने माखलेला असतो. आतली प्लास्टिकची नळी ओढून काढली, करवतीने मीटरवर कापली, टोकाला झाकण लावलं, की पहिला मार्कर माझ्या हातात. वर-खाली चुकलं तर हजारो वर्षं उलटी होतील, म्हणून मी प्रत्येक झाकणावर बाण तीनदा तपासायचे. बोटं बधिर व्हायची. तरीही ते दिवस मला परत हवे आहेत. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की त्या मोहिमेतला एकही नमुना माझ्या प्रबंधात नाही. प्रबंध उभा राहिला तो मी यायच्या आधीपासून फळीवर असलेल्या गाळावर.

उशीर झाला तो समस्थानिकांच्या मोजणीत. नमुने बाहेरच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवले होते, तिथून आकडे यायला सात महिने लागले. म्हणून पहिल्या वर्षीच नमुने पाठवा.

काळोखाबद्दल सगळे विचारतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो. मला पहिला हिवाळा जड गेला. दुसऱ्या वर्षापासून मी रोज त्या निळ्या उजेडात अर्धा तास चालायचा नेम केला आणि बराच फरक पडला. डोंगरामागून सूर्य २१ जानेवारीच्या सुमारास दिसतो, त्या दिवशी लॅबमध्ये सगळे गोड पाव खातात. थंडीचं फार मनावर घेऊ नका, अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोचं बंदर गोठत नाही.

सगळ्यांनी ट्रोम्सोलाच यावं असं नाही. घरी आईवडिलांकडे बघायला कुणी नसेल तर वास्कोला सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. १९९८ पासून भारताच्या ध्रुवीय कामाची सूत्रं तिथून हलतात : अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती, स्वालबार्डमध्ये हिमाद्री, ही भारताची संशोधन ठाणी. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची शिष्यवृत्ती, महिना ३७,००० रुपये आहे आणि गोव्यात त्यात राहता येतं. जर्मनीत ब्रेमरहाफेनला आल्फ्रेड वेगेनर संस्था आहे. तिचं पोलारस्टर्न जहाज १९८२ पासून गाळ आणतंय, म्हणजे तिथे साठा किती असेल बघा. जॉइडेस रेझोल्यूशन हे खोदकामाचं जहाज २०२४ मध्ये थांबलं म्हणून काही जण धास्तावलेत. पण त्याने आणलेले कोअर कुठे गेलेले नाहीत. ते ब्रेमेन, टेक्सास आणि जपानमधल्या कोचीच्या भांडारांत आहेत, आणि रीतसर अर्ज केला तर अभ्यासाला नमुने मिळतात.

तेव्हा कुठेही अर्ज करा, गाइडला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा : कोअर कुठल्या मोहिमेचा आहे, किती लांब आहे, त्याची वयं काढली आहेत का, आणि आजवर त्यावर कुणी काय मोजलंय? ज्यांच्याकडे गाळ आहे ते एका दिवसात उत्तर देतात, आनंदाने देतात.

माझा कोअर चार मीटरचा होता. वरच्या दोन मीटरांचं काम माझ्या प्रबंधात आलं. खालचे दोन मीटर अजून त्याच शीतगृहात, डावीकडून तिसऱ्या फळीवर आहेत. बाण मी तपासून ठेवलेत.